पाणी बदलायची वेळ

पोर्तुगालात, आवेइरूच्या खाडीकाठी,
हिरव्या फरशांच्या एका घरात
दिवसातून चार वेळा सेराफिमच्या पोटात
दोन लिटर गोड पाणी उतरतं.
पिशवी टांगायला त्याच्या समुद्रावरच्या कोटाची खुंटी.
कोट आता लागत नाही.

पहिल्या दिवशी मी नर्सच्या इतमामात वही उघडली:
तुमच्या पोटात एक पडदा आहे,
कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
रक्तातली घाण दाटीतून मोकळ्याकडे निघते,
साखर पाण्याला आपल्याकडे ओढते,
आणि दोन्हीकडे सारखं झालं, की –

"की पाणी बदलायचं,"
देओलिंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.
ती खारवलेला कॉड भिजत घालत होती,
फळीसारखा कडक, मिठाने पांढरा.
"दोन दिवस, सहा पाणी.
पहिलं तर बघता बघता समुद्र होतं,
मग त्यात बसून मासा काही सोडत नाही.
याला वही कशाला?"

मी वही मिटली.
एवढं मात्र सांगितलं,
की सारखं झालं म्हणजे थांबलं असं नव्हे.
इकडून जितके कण जातात तितकेच तिकडून येतात,
रात्रभर, कुणाच्या लक्षात न येता.

सेराफिम हसला. "आमच्या होड्यांसारखं.
जितके गेलो तितकेच –"
आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

आमच्या भाषेत या जाण्याला विसरण म्हणतात.
शाळेत बाईंनी पेल्यात निळीचा थेंब टाकला होता,
तो हलत, फाटत, पसरत गेला
आणि शेवटी पेला नुसताच फिका निळा.
थेंब कुठे गेला, मी विचारलं होतं.
कुठेच नाही, बाई म्हणाल्या, सगळीकडे.

गेल्या हिवाळ्यापासून सेराफिमची नावं सुटू लागलीत.
कप्तानाचं, कुत्र्याचं, स्वतःच्या होडीचा नंबर.
पण देओलिंदा, जी धक्क्यापुढे कधी गेली नाही,
बटाटे सोलता सोलता सांगते:
बत्तीस नंबर. ग्रीनलंडजवळचं धुकं.
होडीत एकटाच, शिंग फुंकून फुंकून ओठ फुटलेले,
आणि जहाजाची घंटा
उजवीकडून येतेय की डावीकडून, कळेना.

"मग?" तो विचारतो.

वर्षातले सहा महिने हा पाण्यावर, ती इथे.
उरलेल्या सहांत एक पलंग.
कधी गेलं हे सगळं इकडून तिकडे?
आणि तिच्याकडून याच्याकडे काय आलं?
(तो हल्ली कणीक मळताना गुणगुणतो,
तिच्या आईचं काहीतरी. त्याला ठाऊक नाही कुणाचं.)

एका रविवारी रात्रीची पिशवी
दुपारपर्यंत आतच राहिली. दोघांना झोप लागलेली.
साखर रक्तात मुरून गेली होती,
ओढणारं कुणी उरलं नव्हतं,
पाणी आल्या वाटेने परत फिरलं.
त्याचे घोटे फुगले. बोट दाबलं की खळगा तसाच.
देओलिंदा माझ्याशी नाही, घड्याळाशी भांडली:
"सारखं होऊ द्यायचं नसतं, कळलं?
सारखं झालं की माणूस संपला."
मी नोंद केली: बदल उशिरा. वजन दीड किलो जास्त.

नाताळच्या आदल्या रात्री त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं.
कोबी, बटाटे, उकडलेला कॉड.
त्याच्यासाठी मासा आणखी दोन पाण्यांतून काढलेला.
एक घास खाऊन तो म्हणाला, "अळणी."
"आयुष्यभर खाल्लंस ना मीठ,
आता त्या खाल्ल्या मिठाला जाग," ती म्हणाली,
आणि त्याच्याच ताटातला तुकडा तोडून
आपल्या तोंडात टाकला.
मिठाची वाटी तिने हळूच माझ्याकडे सरकवली.
मला घ्यावंसं वाटेना.

गजर झाला.
तिने कोपरापर्यंत हात धुतले.
चुलीजवळ उबेला ठेवलेली पिशवी उचलली
आणि लहान मुलाचं दूध बघावं तशी
गालाला लावून पाहिली.